देवी अजून अधांतरी आहे

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तू, भाऊजी आणि चिमणी मजेत असाल, तुझी कंबर आता दुखत नसेल आणि बंदरावरच्या तुझ्या त्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकदाचा पंखा बसवला असेल, अशी आशा करतो. कामावर तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र संग्रहालयाच्या ड्रायव्हरबरोबर धाडतोय. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. म्हणजे हे लिहीपर्यंत तरी आहोत.

अक्षराकडे बघू नकोस. मी संग्रहालयाच्या मोठ्या दालनात एका खोक्यावर बसलोय आणि माझ्यासमोर कप्पीच्या साखळीला एक दगडी देवी टांगलेली आहे. हजारो वर्षांपूर्वीची, चांगली जाडजूड, मांड्या अशा की आपली आत्या काडी वाटावी (आत्याला सांगू नकोस). तिला फक्त वीतभर खाली, चौथऱ्यावर उतरवायचं राहिलंय. सकाळपासून राहिलंय. टांगलेलं ओझं हळूहळू फिरतं हे तुला मी काय सांगणार, पण ही बया फिरून फिरून माझ्याचकडे तोंड करून थांबते. मी जागा बदलून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

झालं असं, की काकांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच संग्रहालयाच्या बाईंना साखळीपासून लांब उभं केलं. आपल्या अवजड ओझी उचलण्याच्या धंद्यातला नियम तुला माहीत आहेच, बाईचा हात लागला की ओझं रुसतं. बाई चिडल्या नाहीत. (चिडल्या असत्या तर परवडलं असतं.) त्या शांतपणे सांगायला लागल्या, की ही देवी जिथे सापडली तिथे बहुधा फक्त बायकाच तिच्याजवळ जात असाव्यात आणि पुरुष बाहेर उभे राहत असावेत. बाईच्या पोटातून माणूस येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कोडं त्या पुरुषांना सुटेना, म्हणून ते घाबरायचे. आणि घाबरलेला माणूस एक तर पाया पडतो, नाही तर दाराला कडी घालतो. पुढे पाया पडणं दगडाच्या वाट्याला आलं आणि कडी घरातल्या बायकांच्या. हा नुसता माझा तर्क आहे, पुरावा थोडाच आहे, असंही त्या म्हणाल्या, पण ते ऐकायला शुद्धीवर कोण होतं? मी त्या वेळी देवीला दोन्ही हातांनी कमरेला धरून उभा होतो गं! आणि तेवढ्यात वरचा दिवा फट्‌कन गेला.

आपले दोन्ही गडी 'आई गं' म्हणून ओरडत पळाले (साक्षात आई समोर टांगलेली असताना). एकाची पाठ धरलीय, दुसऱ्याने फोन बंद करून ठेवलाय. काका ट्रकमध्ये काचा वर करून बसलेत. मी जिवंत आहे का हे बघायला ते मधूनमधून हॉर्न वाजवतात, मग मी खिडकीतून हात हलवतो. एकट्याने साखळी ओढायला मी दोनदा उठलो आणि दोनदा परत खोक्यावर येऊन बसलो. उद्या दालनाचं उद्घाटन आहे. तोवर देवी चौथऱ्यावर बसली नाही तर हे काम गेलं, आणि हे गेलं की ट्रकही विकायला काढावा लागेल. हसू नकोस ताई, मला खरंच भीती वाटतेय. साखळी जरा कुरकुरली की मी खोक्यामागे जाऊन बसतो.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा (अजून तरी),
धाकटा

ता. क. ड्रायव्हर उत्तरासाठी थांबलेला नाही, तुला घेऊन यायला थांबलाय. हातमोजे आण. साखळी तूच ओढायची आहेस. बाई मी ओढते म्हणाल्या होत्या, पण तुझ्यासारखा हात आमच्यापैकी कुणाचाच नाही, आणि ते काकांनाही ठाऊक आहे. लहानपणी त्यांनी तुला दंडाला धरून गोदामाबाहेर काढलं, त्याच्या आदल्याच दिवशी तू ती लोखंडी तिजोरी एकटीने उतरवली होतीस, फरशीला ओरखडासुद्धा न पाडता.

आणखी एक. तुला बोलवायचं काकांनीच सुचवलं. फक्त त्यांची एक अट आहे. साखळीला हात लावण्याआधी तू देवीला मोठ्याने सांगायचं, की आमच्या घरात मला कधीच कुणी अडवलं नाही. ते ऐकण्यापुरती ते ट्रकची काच खाली करणार आहेत.