मेंढ्याच्या शिंगांची सायकल

२ डिसेंबर, सोमवार

रणधीर जेवताना म्हणाला, "माय, तुला बॅटरीवरची सायकल घेऊ."

माझा घास तोंडातच राहिला. हाच पोरगा! दोन वर्षांमागं माझी जुनी सायकल ह्यानंच गोठ्याच्या आढ्याला टांगली. "वय झालं माय, गुडघे बघ, पडशील, लोक आम्हाला नावं ठेवतील." तेव्हापासून तिच्यावर चिमण्यांचा संसार चालू आहे. आणि आज आपणहून सायकल! मी मागितली न्हाय, रुसले न्हाय, काही न्हाय.

पन्नाशीला टेकलेला ल्योक असा एकाएकी गोड बोलायला लागला की मला आधी भीतीच वाटते. काहीतरी शिजतंय.

हे सगळं मी करिश्माच्या जुन्या मोबाईलला सांगते. नात लातूरला शिकायला जाताना दाखवून गेली — हे माईकचं चित्र दाब आजी, आधी तारीख बोल, मग मनातलं बोल, अक्षरं आपोआप पडतात. पडत असतील! मला तर ज्वारी सांडल्यासारखं दिसतं. म्हणून गोठ्यात येऊन बोलते. चार शेळ्या ऐकतात, पण त्या कुणाला जाऊन सांगायच्या न्हाईत. घरातल्यांचा तेवढा भरवसा नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

भाजीत मीठ न्हाय. आज आठवा दिवस.

सुनेला विचारलं, "दीपमाला, मीठ महाग झालं का गं?"

"तुमच्यासाठीच हो आत्या. साठीनंतर कमी खावं म्हणतात डॉक्टर."

कोणता डॉक्टर? मला कुणी दाखवलंच नाही! अडुसष्ट वर्षं मीठ खाल्लं, ते आत्ता बाधायला लागलं? मी म्हणाले, माझ्यापुरती वाटी वेगळी ठेव, मी मरेन खारट होऊन. ठेवली. मी ती वाटी रणधीरपुढं सरकवली, तर बाईनं घारीसारखी झडप घातली न् उचलून माझ्याच ताटाजवळ आणून ठेवली.

म्हणजे मीठ मला चालतं. मग भाजीत का चालत नाही?

५ डिसेंबर, गुरुवार

आज गुरुवार. पूर्वी गुरुवारी मी तेरला असायची, धाकट्या बहिणीकडं. सिताबाईला आता डोळ्यांनी दिसत नाही. मी जायची, तिचे केस विंचरायची, सगळ्या गावाच्या चुगल्या सांगायची, दिवस मावळायच्या आत माघारी. तीन कोस जायचं, तीन कोस यायचं, सायकलवर. आमचे मालक गोरोबा गेले, तेव्हापासून त्यांच्याच सायकलवर मी ढोकीला दूध घालत होते. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. पोरगा शिकला त्या दुधावर.

आता रणधीर मोटारसायकलवर नेतो. महिन्यातून एकदा. आणि अर्ध्या घटकेत हॉर्न वाजवतो. बहिणीच्या केसांचा एक पेड घालून होत नाही तोवर — पीं पीं!

म्हणून सायकल मला पाहिजे. लई पाहिजे. पण त्याला का पाहिजे, ते कळल्याशिवाय मी हुरळणार न्हाय.

दोन विचार मनात येतात. एक — म्हातारीला तेरची वाट सोपी करून द्यायची, हळूहळू मुक्काम वाढवायचा, आणि एक दिवस गाठोडं तिकडंच पाठवायचं. दोन — शेळ्या विकायच्या आहेत. त्याआधी मला खूश करायचं.

आणखी एक. दिवाळीनंतर दोघं नवरा-बायको सोलापूरला लग्नाला म्हणून दोन दिवस गेले. लग्नाहून आले आणि एक लाडू आणला नाही. टोपी नाही, ब्लाऊजपीस नाही, कपाळाला अक्षतांच्या कुंकवाचा डागसुद्धा नाही. असलं कोरडं लग्न मी जन्मात बघितलं न्हाय.

८ डिसेंबर, रविवार

धाराशिवला गेलो होतो. दुकानदार शिवराज, रणधीरच्या शाळंतला. सायकली अशा लावल्यात जणू नवरदेवाचे घोडे.

मला एक लगेच पसंत पडली. दांडा खाली वाकलेला, लुगड्यात पाय सहज पडतो, पुढं टोपली, सीट ढेपेसारखी रुंद. शिवराज म्हणाला, "आजी, तुमच्या वयाला हीच. पायडल मारलं की मोटर मागनं ढकलते. दमलात तर मूठ पिळायची, बसून राहायचं."

पण रणधीरचं तिकडं ध्यानच नाही! तो एका भलत्याच सायकलीपाशी उभा. बारीक चाकं, वाळलेल्या माणसागत अंग, आणि हँडल — खाली वळलेलं, थेट मेंढ्याची शिंगं. शर्यतीची असते म्हणे ती. बॅटरी दांड्याच्या पोटात लपवलेली, बाहेरून पत्ता लागत नाही.

"माय, ही हलकी आहे. पंधरा किलो. ती टोपलीवाली अठ्ठावीस किलो. बॅटरी संपली तर ओढणार कोण?"

शिवराज म्हणाला, "अरे, आजींना ही कशी —" रणधीरनं त्याच्याकडं बघितलं. माणूस लगेच दुसरीच सायकल पुसायला लागला! मी नजर फिरवल्यासारखं केलं, पण माझं सगळं ध्यान तिथंच.

मग रणधीरचे प्रश्न. चढावर मोटर किती ओढते? छातीवर ताण किती पडतो? काळजाचे ठोके दाखवणारं घड्याळ जोडता येतं का? मध्येच माणसाला बसवेना झालं तर मोटर आपोआप थांबते का? — "मायसाठी विचारतो," प्रत्येक वेळी हे शेपूट.

मी म्हणाले, "माझं काळीज ठणठणीत आहे. तुझं तू विचार."

त्यावर शिवराज हसला. रणधीर हसला न्हाय.

शिवराज म्हणाला, "ढोकीची शर्यत आठवते का रे? भाड्याच्या सायकलवर पहिला आला होतास." ह्यानं नुसती मान हलवली आणि शिंगांवरून हात फिरवला. शेळीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

सौदा काही मी तिथं होऊ दिला नाही. आमच्यात जनावर घेताना तीन दिवस आपल्या दावणीला बांधतो. खातं किती, लाथ मारतं का, रात्री खोकतं का, बघायचं आणि मगच पैसे. मी म्हणाले, ही पण तीन दिवस दावणीला पाहिजे.

"आजी, सायकल आहे ही, म्हैस नव्हे."

"म्हैस बरी बाबा. तिचे दात तरी बघता येतात."

९ डिसेंबर, सोमवार

रणधीरच्या खिशात लाल झाकणाची डबी दिसली. "तंबाखू सुरू केलीस?" म्हटलं. "व्हय," म्हणाला. बापाच्या तंबाखूवरून घर डोक्यावर घेणारा हा! आणि तोंडाला वास न्हाय.

११ डिसेंबर, बुधवार

काल संध्याकाळी सायकल टेम्पोतून आली. शिंगंवालीच! टोपलीवाली "सध्या शिल्लक नाही" म्हणे. रविवारी दोन उभ्या होत्या, मी मोजल्या होत्या.

रणधीरनं सीट पार खाली केली, माझ्या मापाला. मी अंगणात दोन चकरा मारल्या. शिंगं इतकी लांब की धरायला वाकावं लागतं. अशी तेरला निघाले तर गाव म्हणेल म्हातारी लोटांगण घालत चालली. शेजारचा बजरंग कुडावरून बघत होता. "काकू, आता लगीन करायचं राहिलं फक्त!"

"नवरा बघ की मग," मी म्हणाले, "तुझ्यासारखा कुडावर लोंबणारा नको."

बजरंगची नजर मला चांगली वाटली नाही. सायकलीवर होती. म्हणून रात्री झोपायच्या आधी काम करून ठेवलं. माहेरी कळपात आपलं मेंढरू ओळखायला आम्ही गेरू लावायचो. तसाच गेरू कालवला आणि सीटच्या नळीवर, जिथं ती दांड्यात शिरते तिथं, बारीक रेघ ओढली. कुणी सीट हलवली की मला कळणार. बॅटरीचे दिवेही मोजून ठेवले. पाच. मला अक्षर येत नसलं तरी पाचापर्यंत दिवे येतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

तेरला जाऊन आले! सायकलवर!

रेघ जागच्या जागी होती. सकाळी उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत निघाले. रणधीर कामावर सांगून मोटारसायकलवर मागं. पुलाचा चढ आला. माझा गुडघा तिथंच कुरकुरतो. पायडल दाबलं — आणि मागनं कुणीतरी हात लावला! मी दचकून मागं बघितलं. कुणी न्हाय. सायकल शिकताना गोरोबा असंच कॅरिअर धरून पळायचे, आणि मला कळू न देता सोडून द्यायचे. चढ संपेपर्यंत तो हात पाठीशी होता.

पण चढ संपला आणि कंबर बोलायला लागली. मनगटं भरून आली. पसंत आहे, पण मोटर! शिंगं न्हाय. ही सायकल माझ्या हाडांची नाही, एवढं आंधळ्यालाही दिसंल. सिताबाईला दिसलंच की! हँडल चाचपून म्हणाली, "आक्का, ही तुझ्यासाठी कुणी घेतली? तुझे हात इथं पोचायचे न्हाईत."

वाटेत रणधीरनं तीनदा थांबवलं. "दम लागला का? छातीत आवळल्यासारखं होतं का? डाव्या हाताला मुंग्या?"

तीनही वेळा मी न्हाय म्हणाले. तो असं विचारत होता जणू मुंग्या कशा येतात ते त्याला बारकाईनं ठाऊक आहे.

सिताबाईच्या केसांचे मात्र दोन्ही पेड घातले आज. हॉर्न वाजला न्हाय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

धरला! म्हणजे चोर धरला न्हाय अजून, चोरी धरली.

सकाळी बघते तर गेरूची रेघ दांड्याच्या बोटभर वर. कुणीतरी सीट चढवली होती आणि उतरवताना बोटभर चुकलं. चाकं दवानं ओली, उसाचं पाचट अडकलेलं. रात्री चार्जिंग झालं तेव्हा पाच दिवे होते, आता चार.

सीट चढवली म्हणजे उंच माणूस. बजरंग उंच आहे. घरात सांगितलं, तर रणधीर म्हणाला, "जाऊ दे माय, उगं शेजाऱ्यावर आळ नको." दीपमाला चुलीकडं तोंड करून बसली. दोघांना चोराचा राग कसा येत नाही?

उद्या सायकल परत करायची की ठेवायची ते सांगायचं आहे. टोपलीवाली आणा नाहीतर काहीच नको, असं मी ठरवलंय. त्याआधी पहाटे कडब्याच्या गंजीमागं घोंगडं घेऊन बसणार. बजरंग्याला शिंगांसकट धरते!

१४ डिसेंबर, शनिवार

बजरंग न्हाय. रणधीर होता.

पाटाच्या रस्त्यानं सायकलवर चालला होता, शिंगं धरून, हळूहळू; मी बांधाच्या आडोशानं मागं. पोरानं सीट आपल्या मापाची करून घेतली होती. बाभळीपर्यंत गेला, उतरला, छातीला हात लावून उभा राहिला. गोरोबा शेवटच्या साली तसेच उभे राहायचे. मग त्यानं लाल झाकणाची डबी काढली, गोळी जिभेखाली ठेवली.

सोलापूरला लग्न नव्हतं, दवाखाना होता. तीनशे मेंढरांतलं दुखणाईत मेंढरू मी लांबून ओळखायची. घरातलं एक ओळखता आलं न्हाय मला.

तो यायच्या आत मी घरात. चहा घेताना म्हणाले, "शिंगंवालीच ठेव. माझी जुनी खाली काढ. पहाटे एकटीला भ्या वाटतं रं मला. तू ह्या नवीवर बसून पुढं चाल, मी जुनीवर मागनं येते."

जन्मात भ्या वाटतं म्हणाले नव्हते. त्यानं माझ्याकडं बघत कप खाली ठेवला. मग "बरं," म्हणाला.

दुपारी दीपमालानं मिठाची वाटी माझ्या ताटाजवळ ठेवली. मी उचलून फळीवर ठेवून आले.