फरशीचे पंचवीस अंश

वोन्जू, शुक्रवार

वडीलधाऱ्या हेसूकताईला धाकट्या ग्युचलचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? आम्ही मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलायची हिंमत लहानपणीही नव्हती. (फोन केला असता, पण आई दाराआडून ऐकते.)

तर यंदाच्या थंडीत गॅस वाचवायला मी ठरवलं की घर वीस अंशांवर ठेवायचं. रिटायर झाल्यावर माणसाने काहीतरी ठरवायला नको का? आईने दुसऱ्याच दिवशी बॉयलरच्या गरम पाण्याने खालून तापणाऱ्या फरशीच्या सगळ्यात ऊबदार कोपऱ्यात उकडलेल्या सोयाबीनची टोपली रजईत गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, "वीस अंशांत माणूस तगेल रे, सोयाबीनचं चंगुकजांग नाही आंबायचं." मी लक्ष दिलं नाही. पण नवल असं, की वीसवर ठेवूनही फरशी तव्यासारखी तापायची आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या डबीत आकडा मात्र सोळाच्या वर सरकायचा नाही! शेवटी बॉयलरवाल्याला बोलावलं. त्याने बॉयलरला हातही लावला नाही. डबीशेजारच्या खिळ्याला आईने गोठलेल्या माशांची पिशवी टांगली होती, ती त्याने उतरवली आणि माझ्या हातात दिली. बिचाऱ्या डबीला वाटत होतं, घरात हिमवर्षाव चाललाय. आई म्हणाली, "मासे वितळायला ठेवलेत." (सहा दिवस? रोज नवे?)

मी चिडलो. तुझ्या भावजयीच्या, मिरानच्या भाचीच्या लग्नाला आम्ही तिघं दोन दिवस देगूला गेलो, तेव्हा आई "सोयाबीन आहे रे घरात" म्हणत असताना मी घर रिकामं असताना बॉयलर थांबवणारं, 'बाहेर' लिहिलेलं बटण ऐटीत दाबलं. परत आलो तर फरशी बर्फ. ती पुन्हा तापवायला बॉयलर चौदा तास गुरगुरत होता. वाचवलेला गॅस व्याजासकट गेला. सोयाबीन नासलं ते वेगळंच. आईने बॅग भरायला घेतली.

बाकी ठीक. दाजींना जपायला सांग.

तुझा ग्युचल

ता.क. : आई रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणते. ताई, तुझ्या पाया पडतो, तुमचा बॉयलर बिघडलाय असं सांग. ती गेली तर मी घर तापवायचं कुणासाठी?

ता.क. २ : कालपासून पंचवीसवर ठेवलंय. दर तासाला वर-खाली करण्यापेक्षा एकाच आकड्यावर राहू दिलं तर गॅसही कमी लागतो म्हणे. नवं सोयाबीन मीच उकडलं. आईला सांगू नकोस, थोडं करपलंय.

ता.क. ३ : हेसूक, मी आई. हा वेडा पत्र टपालात टाकायला मिरानकडे देतो आणि सून कुणाच्या बाजूची आहे हे त्याला अजून कळलेलं नाही. मी कुठेही येत नाही. तुमच्याकडे फरशीऐवजी पलंगावर झोपायचं, माझी पाठ धरते. तू फक्त महिनाभर फोन करून त्याला "आई कधी येणार?" एवढं विचारत जा. बॅग मी दारातच ठेवलीये. रिकामी आहे.