वारा पडल्यावरची उफणणी

साखरा, मार्च १९७६

प्रिय संतराम,

तुझं अमेरिकेचं पाकीट पोचलं. वर नाव माझं होतं एवढंच. फोडलं आमच्या चांगुणेनं, वाचलं तिनं, आणि जेवताना लेकीनं बापाला सारांश ऐकवला. अवकाशयानात नळीत द्रव भरून, दोन टोकांना वीज जोडून तुम्ही मूत्रपिंडाच्या पेशी वेगळ्या केल्यात म्हणे. जमिनीवर जड कण तळाला बसतात, विजेनं द्रव तापून घुसळला जातो आणि वेगळं झालेलं पुन्हा मिसळतं. तिथं तसं होत नाही. वीस वर्षं संस्कृतच्या तासाला मी पोरांना न्यायशास्त्रातलं शिकवतोय की गुरुत्व हे पडण्याचं कारण. तू पडणंच बंद केलंस. मित्राच्या पोटावर असा पाय देतात होय? हिंगोलीच्या शाळेत संस्कृतात माझ्यापेक्षा जास्त गुण घेतलेस, तेही मी विसरलेलो नाही.

परवा ज्वारी उफणत होतो. आमचा गडी सटवाजी तिवईवर उभा, हातात टोपलं, आणि वारा पडला. दाणा-भूस एकाच जागी पडू लागलं, तसा तो थांबला. तेवढ्यात आमची विदुषी म्हणाली, "सटवाजीदादा, तिथं वर काही पडतच न्हाई. वाराबी न्हाई. वीजच कणांना बाजूला सारते. कुणी जलद सरकते, कुणी हळू." सटवाजी म्हणाला, "पडतच न्हाई, तर मंग ते लोक खळं काहून करून राहिले तिथं?" मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही. भुसात बसून, ज्वारीचे दाणे मांडून तिनं त्याला सगळं समजावलं. माझा एक श्लोक तिनं आजवर कुणाला असा समजावलेला नाही.

चांगुणेची आई पद्मा म्हणते, "तुमचं पोट दुखून राहिलंय, ओवा खा." खाल्ला. फरक नाही.

चांगुणेला औरंगाबादला विज्ञानाला घाल, माझ्या बहिणीकडे राहील, असं तू मागेच लिहिलं होतंस. मी उत्तर टाळत होतो. काल तिनं विचारलं, "बाबा, काकांला कळवलं का?" आणि तोंड फिरवून भांडी घासत बसली.

तर कळवतो. जूनमध्ये ती औरंगाबादला जाईल, तुझ्या बहिणीला सांग. पण एक अट. त्या कणांची, विजेची पत्रं तिला औरंगाबादला धाडायची नाहीत. इथंच, माझ्याच नावावर पाठव. मी फोडणार नाही. ती वाचायला म्हणून तरी पोरगी घरी येईल.

तुझाच, अजून जमिनीवरच असलेला,
नरसिंग