बाटली क्रमांक चार

नागाव,
२७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप कृष्णाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

फोन केला की "लिहून कळव" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षा परवा आटोपल्या. बाहेरून आलेले परीक्षक सुरमई आणि सोलकढीवर खूश होऊन गेले. तू असतीस तर सुरमईतलं मीठसुद्धा तोलून बघितलं असतंस.

पंचेचाळीस मुलं, पाच बाटल्या. प्रत्येकीत एक क्षार, आपल्या वाट्याच्या बाटलीत कोणता हे ओळखायचं. आमचे लॅब अटेंडंट सदाभाऊ कोणत्या बाटलीत काय आहे ते सकाळीच मुलांच्या कानावर घालतात, त्यामुळे दोनच्या आत सगळे मोकळे. अडली ती एकटी प्राप्ती. कोळीवाड्यातली मुलगी, आई सुकी मासळी विकते. पाठांतर नाही, पण हात चांगला. चौथ्या बाटलीत झिंक सल्फेट असं सांगूनही हिने मॅग्नेशियम सल्फेट लिहिलं. क्षाराचे गुण शून्य. वर मलाच सांगते की तीनदा करून बघितलं, ते विरघळलंच न्हाय. हट्टी आहे, थेट तुझ्यावर गेलेली. या विषयात ती काठावर आहे, शून्याने बुडेल अशी धास्ती वाटते.

जूनमध्ये माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपतील आणि कायम झाल्याची ऑर्डर निघेल. मग तुला माझ्याकडून जेवण.

तुझा लोभ आहे तसा राहू दे.

तुझी भाची,
कल्पिता

उरण,
२९ जानेवारी २०२५

चि. कल्पितास,
आशीर्वाद, आज जरा नाइलाजाने.

पत्र वाचल्यावर हात धुवावेसे वाटले. सुरमईचं कौतुक आणि मुलांच्या कानात सांगितलेली उत्तरं एकाच कागदावर, आणि तुला त्याचा वासही येऊ नये! जिने तीनदा करून बघितलं ती हट्टी, आणि ज्यांनी नळी धड हातात धरली नाही ते पास. शिसारी येते.

सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की दोन्हींचा पांढरा साका येतो. आणखी घालत गेलं की झिंकचा विरघळतो, मॅग्नेशियमचा विरघळत नाही. हे तुला मी आमच्या ओटीवर बसवून शिकवलं होतं. त्या मुलीने पाहिलं ते लिहिलं. ती बाटली नंतर कुणी तपासली का? की सदाभाऊंचं तोंड हेच तुमच्या कॉलेजातलं रसायनशास्त्र?

तुझे आजोबा चौथी शिकलेले. मिठागरातले गडी येऊन सांगायचे की पाणी पुरतं आटलं. तरी स्वतः वाफ्यात उतरून, बोटांत पाणी चोळून बघितल्याशिवाय ते मीठ काढू देत नसत. तू एम.एस्सी. झालीस.

बाटली तपास आणि कळव. जेवणाचं आमंत्रण परत घे. लोभाचं पुढच्या पत्री बघू.

कृष्णा

नागाव,
१ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
नमस्कार. रागातच लिहिते आहे.

हे मी सुरू केलेलं नाही. मी आले त्याआधीपासून चालत आलंय. आणि तू कोणत्या तोंडाने बोलतेस? बी.एस्सी.ची माझी जर्नल मी तुझ्या जर्नलवरून उतरवली, आणि ती माळ्यावरून तूच काढून दिलीस. निरीक्षणं १९७८ची, सरांची सही २०१७ची!

तरीही काल कॉलेज सुटल्यावर बाटली उघडली. साका आला. हायड्रॉक्साइड घालत राहिले, नळी काठोकाठ भरली, तरी विरघळला नाही. सदाभाऊंना विचारलं. झिंक सल्फेट दिवाळीतच संपलं होतं म्हणे, म्हणून त्यांनी शेजारच्या डब्यातलं पांढरं भरलं. दिसायला सारखंच.

मग चौथ्या बाटलीचे नऊ पेपर काढले. आठ जणांनी लिहिलंय की साका विरघळला. घडलंच नाही ते आठ जणांनी पाहिलं, आत्या. एकाने तर "हळूहळू विरघळला" असं लिहिलंय.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, प्राप्तीला गुपचूप पूर्ण गुण देऊ, आठ जणांचे आहेत तसे राहू देत, आणि मॅडम, जून फार लांब नाही.

काय करू ते सांग. लोभ थोडा तरी शिल्लक असेल असं धरून चालते.

कल्पिता

उरण,
३ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पितास,
आशीर्वाद.

जर्नल मी दिली. खरं आहे. भाचीचा वेळ वाचावा म्हणून दिली आणि त्यात काही वाईट आहे असं त्या वेळी वाटलंही नाही. त्या आठ कागदांची जेवढी किळस आली, त्याहून जास्त मला आता माझी येते. पण माझी किळस हे तुझं निमित्त होऊ शकत नाही.

गुपचूप दिलेले गुण म्हणजे खरं लिहिल्याबद्दल दिलेली भीक. सगळं लेखी दे, तुला ठाऊक होतं हेसुद्धा लिही. ऑर्डर गेली तर इथे ये, मागची खोली रिकामीच आहे. भांडी मात्र तू घासायचीस.

आणि आधी त्या मुलीला बोलाव. ती बरोबर होती हे तिला अजून कुणीही सांगितलेलं नाही. तुम्हाला सगळ्यांना लाज कशी वाटत नाही?

एवढं कर. लोभ कुठे जात नाही.

कृष्णा

नागाव,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न.

तुझं पत्र आलं तरी मी दोन दिवस घुटमळत होते. शुक्रवारी प्राप्तीला लॅबमध्ये बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत तिनेच माफी मागितली. म्हणाली की आई बोलत न्हाय, परत असं करणार न्हाय, सदाभाऊ सांगतील तेच लिहीन.

मी चौथी बाटली आणि नळी तिच्या हातात दिली. म्हटलं, दिसेल ते वहीत लिही. हात तोच, चांगला, एक थेंब इकडे तिकडे नाही. पण आत्या, ती नळीकडे बघेना. माझ्या तोंडाकडे बघत होती, मॅडमना काय हवंय ते ओळखायला. म्हणून मी पाठ करून खिडकीशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने नळी स्टँडमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

तिने लिहिलं होतं, "साका विरघळला." समोर नळी पांढरीफटक.

हे तिला आम्ही दोन आठवड्यांत शिकवलं. ती बरोबर होती असं मी सांगितलं, तर तिने मान हलवली, जशी ती कशालाही हलवते. ती वही घेऊन मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर बसून लेखी दिलं, माझ्या सहीने, परीक्षकांना प्रत. उद्या नऊ जणांची परीक्षा पुन्हा आहे, नवीन बाटल्या, सदाभाऊ रजेवर. आठांचे पालक काल घरी येऊन ओरडून गेले. प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत. ऑर्डरचं मी विचारलं नाही.

प्राप्ती येणार आहे. नवीन बाटल्या परीक्षकच भरून आणणार आहेत, त्यांत काय असेल ते मलाही माहीत नाही. तिला मी तेवढंच सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा तिने विचारलं की मॅडम, मग बरोबर कोण सांगणार? मी म्हटलं, नळी.

तिला ते पटलेलं दिसलं नाही.

लोभ मागायचं आज धाडस नाही, तुला द्यावासा वाटला तर दे.

कल्पिता