शकूच्या म्हशी माझ्या नावावर

गेल्या महिन्यात एका सकाळी रतीब वाटून झाल्यावर मी घरी न जाता आरे कॉलनीतल्या गोठ्यात गेलो, बादलीत पाणी घेतले आणि ओल्या फडक्याने म्हशींच्या कानांतले पिवळे बिल्ले पुसले. शेण आणि धूळ बसून त्यांवरचे आकडे दिसेनासे झाले होते. ते मला या मृत्युपत्रात उतरवायचे होते. माझ्या धाकट्या भावाची बायको शकू तेवढ्यात धार काढून उठली.

"भावजी, आज काय म्हशींची हजेरी?"

"हो. सगळ्या हजर आहेत."

"सगळ्या कुठल्या? तिघी गावाला गेल्यात. त्यांची रजा मांडा."

हा कागद त्या सकाळी सुरू झाला म्हणून ते आधी लिहिले. आता रीतीप्रमाणे.

मी, भीमराज धोंडू खरात, वय एकोणपन्नास, धंदा दुधाचा रतीब, शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत, धर्म बौद्ध, राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही, आणि हा मजकूर मी सकाळची वंदना करून, चहा घेऊन, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही, आणि लगेच संमतीच्या कागदावर सही घेतात. तेव्हा माझाही एक कागद तयार असावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मरोळची झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतली खोली माझ्या पत्नीला, चंपाला, मालकी हक्काने द्यावी. ती विकण्याचा विषय आमचा मुलगा प्रबुद्ध याने तिच्याजवळ काढू नये. तिने स्वतः काढला तर मधे न बोलता ऐकावे.

कलम २. बँकेतली व पोस्टातली शिल्लक चंपाची. किती आहे ते तिला माझ्याहून नीट माहीत आहे.

कलम ३. स्कूटर प्रबुद्धला. दुधाचे कॅन आणि मापे शकूला. रतिबाची घरे, म्हणजे गिऱ्हाइके, कोणाला देता येत नाहीत, ती आपापली असतात. तरी मी सर्वांना विनंती करतो की माझ्यामागे दूध शकूकडूनच घ्यावे.

दुधातले पाणी ओळखायचा काचेचा लॅक्टोमीटर जोगेश्वरीचे सुबोध कर्णिक यांना पोचता करावा. मी माप ओतत असताना ते वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आले आहेत, "काय भीमराव, म्हैस आज नळाखाली उभी होती वाटतं?" मी कधी उत्तर दिले नाही. आता त्यांनी स्वतः तपासावे. रतीब मात्र त्यांनी एक दिवसही बंद केला नाही, याचीही नोंद असावी.

कलम ४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. हारांऐवजी कोणाला काही आणायचेच असेल तर वैरणीची पेंढी आणावी, गोठ्यात उपयोगी पडेल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी खीर करावी. खिरीचे दूध शकूकडून घ्यावे आणि त्याचे पैसे तिला हातोहात द्यावेत. घरचे दूध म्हणून फुकट उचलू नये. ही खोड आमच्या घरात सगळ्यांना आहे, मलाही होती.

कलम ५. म्हशी.

हे कलम मी एकदा लिहिले होते. ते पान फाडले. माझ्यामागे कोणी विचारेल की म्हशींचे काय झाले, म्हणून कारण लिहितो.

माझा भाऊ रतन याने आरेतल्या चंद्रप्रकाश शेठच्या गोठ्यात म्हशी बांधायचे खुंटे भाड्याने घेऊन धंदा सुरू केला. तो म्हशी बघायचा, मी दूध वाटायचो. तो काविळीने गेल्यावर शकू गावी परतेल असे सगळ्यांनी धरले होते. ती परतली नाही. आज ज्या म्हशी आहेत त्या तिने पारड्या होत्या तेव्हापासून वाढवलेल्या किंवा स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या आहेत. त्यांत माझा पैसा नाही.

मुंबईत म्हैस भाकड झाली, म्हणजे दूध द्यायची थांबली, की तबेलेवाले बहुधा तिला विकतात आणि दुसरी आणतात. विकलेली कुठे जाते ते सर्वांना माहीत असते. रतनने तसे कधी केले नाही. तो भाकड म्हैस जुन्नरकडे आमच्या गावी पाठवायचा, ती तिथे चरायची, आणि व्याली की परत यायची. शकूने ती रीत चालू ठेवली. शेठ तिला हसतात. "शकुबाई, तुम्हारी भैंस का मायका है क्या उधर?" शकू म्हणते, "हां. मेरा भी नहीं है इतना अच्छा." शेठ या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्याविषयी इथेच थांबतो.

पुढे सरकारने प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याची नोंद सक्तीची केली. बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, विक्री नाही, गाडीत घालून नेता येत नाही. आम्हाला तर नेआण लागतेच. पशुवैद्यकीय खात्याच्या तेजल मॅडम बिल्ले मारायला आल्या तेव्हा त्यांनी विचारले, मालक कोण. शकूने माझे नाव सांगितले. आमच्यात घरातल्या थोरल्या पुरुषाचे नाव सांगायची पद्धत आहे. दारावरची पाटी, गॅसचे कार्ड, भिशी, सगळीकडे तेच. तिने मान म्हणून सांगितले. मी त्या वेळी जोगेश्वरीत दूध घालत होतो.

तेव्हापासून म्हैस व्याली, लस दिली, गावाला नेली, परत आणली, प्रत्येक नोंदीचा संदेश माझ्या मोबाईलवर येऊ लागला. मी शकूला वाचून दाखवायचो, "माझी म्हैस व्याली म्हणे." ती म्हणायची, "मग जा, खरवस करा." आम्ही दोघेही हसायचो.

या वर्षी तिघी एकदम भाकड झाल्या. दूध घटले आणि पेंड महागली. पशुपालकांना किसान क्रेडिट कार्डावर वैरणीसाठी स्वस्त कर्ज मिळते, हे तेजल मॅडमनीच शकूला सांगितले. ती बँकेत गेली. तिथल्या माणसाने नोंद बघितली आणि म्हणाला, "बाई, या म्हशी तुमच्या नाहीत. भीमराज खरातांच्या आहेत. त्यांना पाठवा." ती गोठ्यात आली आणि शेण ओढू लागली. कर्ज नाही मिळाले तर गावाकडच्या तिघी दलालाला द्याव्या लागणार, हे तिला कळले होते. मलाही कळले.

प्रबुद्ध म्हणाला, "मग तुम्हीच काढा ना कर्ज, बाबा. व्याज किती कमी आहे. थोडं काकूला वैरणीला, थोडं मला टेम्पोला."

"टेम्पो वैरण खातो का?"

"बाबा, सगळे असंच करतात यार. आणि कागदावर म्हशी तुमच्याच आहेत ना? उद्या काही झालं तर वारस म्हणून आईचं आणि माझंच नाव लागणार. मी काय काकूला बाहेर काढणार आहे का?"

"काढणार नाहीस. पण काढायचं की नाही, हे ठरवणारा तू असशील."

मुलगा वाईट नाही. त्याने नोंद वाचली आणि तीच खरी धरली. बँकेनेही तेच केले.

म्हणून मी बिल्ले पुसले, आकडे उतरवले, गावाकडच्या तिघींचे आकडे मोबाईलवरच्या संदेशांतून घेतले, आणि माझ्या पश्चात या सर्व म्हशी शकूच्या व्हाव्यात असे कलम चांगल्या अक्षरात लिहिले. त्या संध्याकाळी चंपाला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. तिने ऐकून घेतले.

"अहो, तिच्या म्हशी तिला द्यायला तुम्ही मरायचं कशाला?"

मी म्हणालो, रीतसर होईल.

"आणि नाहीच मेलात तर? तोवर त्या बिचाऱ्या तिघींनी काय खायचं, तुमचं कलम?"

मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलते. म्हशीला संध्याकाळी वैरण लागते. मी रोज सकाळी वंदनेत म्हणतो की जे दिलेले नाही ते मी घेणार नाही. या म्हशी मी घेतल्या नव्हत्या, पण माझ्याकडे होत्या. मी पान फाडले. त्यावरचे आकडे तेवढे जपून ठेवले.

परवा मी बोलावले म्हणून तेजल मॅडम गोठ्यात आल्या. मालक बदलायची नोंद त्यांनी मोबाईलवर उघडली आणि विचारले, "नवीन मालकाचं नाव?"

शकूने पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिले. "सांगा ना, भावजी."

"तू सांग."

"तुमच्यासमोर मी माझं नाव कसं सांगू? बरं दिसतं का?"

तेव्हा मी एक रिकामा कॅन उचलला आणि धुवायला बाहेर हौदावर गेलो. कॅन स्वच्छच होता. मी तो धूत राहिलो. आतून तेजल मॅडमचा आवाज आला, "अहो जोरात बोला, म्हैस ओरडतेय मधे." आणि मग शकू बोलली. हौदापर्यंत स्वच्छ ऐकू आले.

"शकुंतला रतन खरात."

नोंद पक्की करायला माझ्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले. ते मी हौदावरूनच ओरडून सांगितले, प्रत्येक म्हशीचे वेगळे, सगळ्या होईपर्यंत. नंतर शकू तोच कॅन घ्यायला आली. "एवढा धुतलात, भोक पाडाल," ती म्हणाली आणि आत गेली. काल ती पुन्हा बँकेत जाऊन आली. कर्ज द्यायचे की नाही ते बँक ठरवील. म्हशी तुमच्या नाहीत, हे मात्र आता कोणी म्हणणार नाही.

सबब या मृत्युपत्रात म्हशींचे कलम नाही. त्या माझ्या नाहीत, आणि माझ्या वारसांनी त्यांवर हक्क सांगू नये. आज सकाळी गावाकडे त्या तिघींपैकी एक व्याली. रेडी झाली. हे मला शकूने गोठ्यात तोंडाने सांगितले. माझ्या मोबाईलवर काही आले नाही.

वरील मजकूर मी वाचला, चंपाला वाचून दाखवला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: भीमराज धोंडू खरात

साक्षीदार:
१. चंद्रप्रकाश मौर्य, गोठा परवानाधारक, आरे कॉलनी. (मजकूर त्यांना हिंदीत समजावून सांगितला. मायक्याची गोष्ट खरी असल्याचे ते म्हणाले.)
२. तेजल सुर्वे, पशुवैद्यकीय कर्मचारी, राहणार बोरिवली पूर्व.

ठिकाण: मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५