बायकांच्या पाण्याची गुहा

महाशय कमिशनरसाहेब यांस,

मी मिशनच्या शाळेत तुमची भाषा शिकले, म्हणून काल बानाबा बेटावरच्या आमच्या गावात तुम्ही मला दुभाषी केलेत. जमिनीखालच्या ज्या गुहेतून गाव पिण्याचे पाणी आणते, तीत केवळ स्त्रियांनीच उतरावे, हा आमचा पूर्वापार नियम. तरी तुम्ही म्हणालात, "मला आत न्या, नाहीतर फॉस्फेटसाठी ही जमीन वरून खोदू."

माझी मावशी नेई तेआरिया म्हणाली, "सांग गं त्याला, आधी आमच्यासारखा पानांचा घागरा नेस, मग उतर खाली!"

बायका खदखदून हसल्या. तुम्ही अर्थ विचारलात, तेव्हा मी मान खाली घालून म्हटले, "ती विचार करते आहे," आणि तुम्ही दोन दिवसांची मुदत दिलीत. विचार तिने केव्हाच केला होता. शेजारच्या गावाने त्यांची गुहा तुम्हाला दाखवली, आणि तिथे आता तुमचा पहारा आहे.

हे पत्र मी धाडणार नाही, कारण तुम्हाला आगाऊ वर्दी द्यायची नाही. उद्या तुमचे मजूर कुदळी घेऊन येतील, तेव्हा गावातली प्रत्येक स्त्री त्या जमिनीखाली बसलेली असेल. आम्हाला बाहेर काढायचे तर तुमच्या माणसांना आत यावे लागेल, आणि आतल्या अंधारातली वाट फक्त आम्हालाच ठाऊक आहे.

आपली आज्ञा न पाळणारी,
नेई काओबुनांग