मादामच्या शेजारची खुर्ची

स्टेट कॉलेज,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५, माघ शु. ९

ती. सौ. सुहासवन्सं यांना,
लताचा सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल सोमवारी पोचलं. मेतकूट, कुळथाचं पीठ, नवं पंचांग आणि ह्यांचे लोकरी मोजे, सगळं नीट. आतला माल फार तर पंधराचा आणि वर टपालखर्च बावीस डॉलर चाळीस सेंट! वन्सं, पुढच्या वेळी कुणी येणाऱ्याच्या हाती द्या. मेतकूट विमानाने एकटं हिंडायला लागलं तर आपण खायचं काय?

काल दुसरंही खोकं आलं, थेट पॅरिसहून. चॉकलेटचा डबा, रेशमी स्कार्फ आणि उशीएवढं जाड पुस्तक. कशावरच किंमत नव्हती. ज्यावर किंमत नसते तेच महागात पडतं, म्हणून डबा अजून फोडलेला नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. आमच्या टेबलावरच्या आयपॅडवर माझे मेसेज ह्यांना दिसतात आणि ह्यांचे मला. फोनवर बोलावं तर हे शेजारच्या खुर्चीत. तेव्हा लिफाफाच बरा.

तर, ते लोर्मो नावाचे फ्रेंच लोक आपली कंपनी विकत मागतायत. सव्वीस वर्षांपूर्वी ह्यांनी जुना ड्रिलचा ट्रक घेतला आणि पूल बांधण्याआधी जमिनीत भोक पाडून खाली खडक आहे का चिखल, ते सांगायला लागले. आज चौदा माणसं आहेत. मालक बाई असली की सरकारी कामं मिळायला सोपं जातं, म्हणून एक्कावन्न टक्के माझ्या नावावर आहे. नुसतं नावाला नाही हो. पगार, विमा, माणसांची सुखदुःखं, सगळं मीच बघते. आता ३१ मार्चला सही करायची आहे, आणि माझ्या सहीशिवाय त्यांचं पान हलत नाही.

मंगळवारी रथसप्तमीला ते जेवायला आले. दोन साहेब, आपला ऋषी आणि लोर्मो घराण्यातल्या थोरल्या सूनबाई, सत्तरीच्या. सगळे त्यांना मादाम म्हणतात. साहेब ह्यांच्याशी बोलत बसले आणि मादाम सरळ माझ्या स्वयंपाकघरात. वरणाला फोडणी कशी देतात ते पाहिलं, देवाला हात जोडले, तळघरातली आपल्या जुन्या नोंदींची खोकीसुद्धा बघून आल्या. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, घरी आलेली सवाष्ण, मी त्यांची ओटी भरली. बाई रडल्या हो.

पण वन्सं, एक गोष्ट खुपते आहे. आधी त्यांनी गुरुवार ठरवला होता. मग स्वतःच कळवलं, की गुरुवार नको, लताबाईंचा उपास असतो. माझा उपास पॅरिसला कुणी कळवला? ऋषी त्यांच्याच कंपनीत आहे. तुमचा लेक गुणाचा आहे, लहानपणी माझ्या मांडीवर वाढला आहे, म्हणून त्याला न विचारता तुम्हाला विचारते.

आमच्याकडे गुडघाभर बर्फ. भावजींना नमस्कार.
लोभ आहे तसाच ठेवावा, आणि शंकेखोर म्हणून तो कमी करू नये.

तुमची,
लता


बेलव्ह्यू,
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. लतास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. वाचून हसू आलं आणि रागही आला.

अगं, तू दूधवाल्याला पाण्यावरून धरायचीस, अमेरिकेत दूधवाला नाही तर आता फ्रान्सला धरलंस! ऋषी त्यांच्या वायरिंगच्या खात्यात, त्याला कोण विचारतो? तुझा गुरुवार सगळ्या पेनसिल्व्हेनियाला ठाऊक आहे. साबुदाण्याची खिचडी घेऊन तूच ड्रिलवाल्यांकडे जातेस ना?

आणि लोर्मो म्हणजे कुणी भुरटे नव्हेत. ऋषी सांगतो, आजोबा गवंडी होते. युद्धानंतर पडलेल्या गावात भिंती बांधत सुरुवात केली. मुलाने रस्ते घेतले, मग पूल, मग विजेच्या तारा, मग टेलिफोन. आता तर तिथल्या टीव्हीचं एक चॅनेलही त्यांचंच. म्हणजे घर ते बांधणार, वीज ते देणार आणि घर पडलं तर बातमीही तेच सांगणार! इतकं वाढूनही कारभार घरातच आहे, तिसरी पिढी बसली आहे. परक्या शेअरवाल्यांच्या हाती कंपनी देण्यापेक्षा घरंदाज माणसांना दिलेली काय वाईट?

अनिल सदुसष्टचा झाला. गुडघे धरून बर्फात ट्रकवर चढतो, हे तुला दिसत नाही का? तुमची अनिका तिकडे बॉस्टनला मुक्या-बहिऱ्या मुलांना शिकवते, ती काही ड्रिल चालवायला यायची नाही. सही करून मोकळी हो. हिरव्या पैठणीत मादामच्या शेजारी बसलेली छान दिसतेस तू, अगदी मालकीण. तेच रूप लक्षात ठेव आणि निर्धास्त राहा.

इथे पाऊस नुसता टिपटिपतोय. ह्यांचं ब्लडप्रेशर ठीक.
अनिलला माझे आशीर्वाद सांग. तुझ्यावर माया आहेच, ती सांगावी लागत नाही.

तुझी,
सुहासवन्सं


स्टेट कॉलेज,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५, विजया एकादशी

ती. सौ. वन्सं यांना,
लताचा सा. न.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हिरव्या पैठणीशी थांबले.

मादामच्या शेजारचा माझा तो फोटो मी तुम्हाला पाठवलेला नाही, ह्यांनीही नाही; विचारून घेतलं. आमच्या टेबलाशी तो मादामना न्यायला आलेल्या त्यांच्या ड्रायव्हरने काढला होता. मग बेलव्ह्यूला तो कोणत्या वाटेने आला? वायरिंगच्या खात्यातून?

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी भिंग घेऊन ते जाड पुस्तक काढलं. माझी इंग्रजी मॅट्रिकची, पण फोटो बघायला मॅट्रिकही लागत नाही. पहिल्या पानांवर गवंडी आजोबा आणि त्यांची पडकी भिंत. पुढे त्यांनी विकत घेतलेल्या कंपन्या. प्रत्येकीच्या पानावर एक जेवणाचं टेबल. टेबलाशी जुना मालक, दोन साहेब आणि मादाम. आणि मादामच्या शेजारच्या खुर्चीत दर वेळी मालकाची बायको! कुणी तेलकट ॲप्रनमध्ये, कुणी मोत्यांची माळ घालून. मी अकरा टेबलं मोजली. पान उलटलं की तेच ट्रक, पण निळा रंग मारून, वर लोर्मो. बारावं टेबल माझं.

म्हणजे बघा, साहेब लोक नवऱ्याचे कागद तपासतात आणि मादाम बायकोला तपासतात. मी त्यांची ओटी भरत होते तेव्हा त्या माझ्याकडून आपली पाटी भरून घेत होत्या. आठवून आठवून लिहिते: कोण माणूस सगळ्यात जुना, कुणाची आई कुणाजवळ राहते, कुणाचं घर स्वतःचं आहे, सगळं त्यांनी विचारलं. मी चेव आल्यासारखी सांगत सुटले. कार्लची आई चाकाच्या खुर्चीत आहे. ड्वेनच्या बायकोला मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला न्यावं लागतं. मिगेलच्या मुलीची खास शाळा फक्त ह्याच गावात आहे. त्या माझा हात हातात घेऊन ऐकत होत्या. माणसांची इतकी चौकशी कुणी करतं का आजकाल, म्हणून मला भरून आलं होतं.

अकराव्या टेबलाखाली ओहायोतल्या एका गावाचं नाव आहे आणि डॉना नावाच्या बाईंचं. त्यांची डांबरी रस्त्यांची कंपनी होती. त्यांना मी चार ओळी लिहिल्या आहेत. तुम्ही माझ्यासारख्याच खुर्चीत बसला होता, पुढे काय झालं ते कळवा, एवढंच.

ह्यांना अजून बोलले नाही. रविवारी नुसतं म्हणून पाहिलं, की घाई कशाला? तर म्हणाले, लता, मला फक्त एक हिवाळा घरात काढायचा आहे.

वन्सं, तुम्ही मला ह्या घरात आणलंत, मुलगी बघायला तुम्हीच आला होतात. तेव्हाही तुम्ही मला स्वयंपाकघरातच गाठलं होतंत. म्हणून हात जोडून विचारते: ऋषीचं ह्यात काय आहे? गोड लिहू नका, खरं लिहा.

लोभ हवाच आहे, पण आधी उत्तर हवं.

तुमची,
लता


बेलव्ह्यू,
मंगळवार, ४ मार्च २०२५

चि. सौ. लतास,
आशीर्वाद.

चार दिवस कागद समोर घेऊन बसले. ऋषीला शिव्या देऊ नकोस. तो नव्हे, मी.

दिवाळीत ऋषीने साहेबांना फराळाला आणलं होतं, बरोबर मादाम. त्यांनी विचारलं, अमेरिकेत अशी छोटी कंपनी कुठे आहे का, जिथली माणसं सोडून जात नाहीत? माझी जीभ म्हणजे तुला माहीत आहे. भावाचं कौतुक, त्याहून तुझं. म्हटलं, माझी भावजय मॅट्रिक झालेली, पण सव्वीस वर्षांत एक माणूस सोडून गेला नाही. कुणाच्या घरी काय आहे, सगळं तिच्या डोक्यात. गुरुवारच्या उपासापासून सगळं मीच सांगितलं. चकल्या संपेपर्यंत बोलत होते.

मग साहेबांनी ऋषीला विचारलं, मामांच्या जागी तू बसशील का? खरं सांगते लता, मला मोह झाला. तुझी अनिका येणार नाही. ऋषी तिथे बसला तर अनिलने उभं केलेलं निदान आपल्या घरात राहील. ऋषी आठ वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली आहे, दोनदा त्याची नोकरी गेली, त्याच्या राधिकाला आता सातवा महिना आहे. आईला दुसरं काय दिसणार? सौदा मोडला तर त्याचं तिथे काही खरं नाही, हे तो मला बोलून गेला आहे. फोटो त्यानेच दाखवला.

हे अनिलला सांगू नकोस. धाकट्या भावापुढे मान खाली घालायची सवय नाही मला.

रागावलीस तरी चालेल, पण तोडू नकोस.

तुझी,
सुहासवन्सं


स्टेट कॉलेज,
सोमवार, १७ मार्च २०२५, संकष्टी

ती. सौ. वन्सं यांना,
लताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. रागावले, आणि दोन दिवसांनी राग मावळला. तुम्ही बेलव्ह्यूला जे केलंत तेच मी इथे केलं. तुमच्या चकल्या, माझं वरण. कुणी कुणाला बोलायचं?

ओहायोहून डॉनाबाईंचं उत्तर आलं. दोन पानं, अक्षर सुरेख. त्या लिहितात, की लोर्मोंनी एकाही माणसाला काढलं नाही. त्यांची एकतीस माणसं होती. एकेकाला बोलावून बढती दिली, पगार वाढवला आणि नेमणूक दिली तीनशे मैलांवर. ज्यांना जाता येण्यासारखं होतं त्यांना नाही दिली, ज्यांना जाता येत नव्हतं त्यांनाच. म्हातारी आई असलेला कसा जाणार? त्यांनी आपल्या हाताने राजीनामे लिहिले. आपण होऊन गेलेल्याला काही द्यावं लागत नाही. तीन वर्षांत नऊ उरली. नवरा रोज काचेच्या खोलीत जाऊन बसतो, त्याला कुणी काही विचारत नाही. मादामचं मात्र दर नाताळला कार्ड येतं, आणि त्या बाईची माया खोटी आहे असं डॉनाबाईंना अजूनही म्हणवत नाही. शेवटी लिहिलंय, की कुणाला जाता येणार नाही हे मादामना मीच सांगितलं, आणि सांगताना मला फार अभिमान वाटत होता.

वन्सं, ते वाचून मी देवापाशी जाऊन बसले, पण तोंडात स्तोत्र येईना. लोर्मोंना आपली तळघरातली खोकी हवी आहेत. ह्या मुलखात कोणत्या पुलाखाली काय आहे, ते सव्वीस वर्षांचं त्यांत आहे. माणसं नकोत. कोणता माणूस कसा आपण होऊन जाईल, ते मी त्यांना पानावर वाढून दिलं.

ह्यांना डॉनाबाईंचं पत्र वाचून दाखवलं. तुमचं नाही, ते माझ्यापाशीच राहील. ह्यांनी चष्मा पुसून ते स्वतः एकदा वाचलं. मग म्हणाले, की माझे गुडघे तुझ्या सहीत धरू नकोस, एक्कावन्न तुझे आहेत. अनिकाला फोन केला तर ती म्हणाली, आई, इट्स युअर कॉल, तूच ठरव. सगळे इतके समजूतदार, की मलाच कुणी समजावेना.

मग मी मादामना फोन लावला. माझ्या इंग्रजीत सांगितलं, की करारनाम्याला एक कागद जोडा. चौदा माणसांची नावं आणि त्याखाली एक ओळ: सात वर्षं ह्यांतल्या कुणालाही त्याच्या मर्जीशिवाय पन्नास मैलांपलीकडे पाठवायचं नाही. बाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, लता, आपण आता एका घरातल्या, घरात असं लिहून घेत नाहीत. मी म्हटलं, आमच्या घरात लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख लिहितात. त्या हसल्या, आणि मग फार हळू म्हणाल्या, की ऋषीसाठी मला वाईट वाटेल.

बस, एवढंच. धमकी म्हणावी तर आवाजात माया होती.

आता गोष्ट अशी आहे. कागद जोडला नाही तर सही करायची नाही, असं माझं मन म्हणतं. मग ह्यांचा पुढचा हिवाळाही ट्रकवरच जाईल. ते मी आणि हे सोसू. पण ऋषीचं मी सोसू शकत नाही, ते तुम्हाला आणि राधिकेला सोसावं लागेल, तेही ह्या दिवसांत. चौदा घरं वाचवायला तुमचं घर परस्पर पणाला लावायचा मला हक्क नाही. मादामनी बरोबर माझ्या ह्या जागेवर बोट ठेवलं, कारण ती जागाही त्यांना आपणच दाखवली.

तेव्हा वन्सं, तुम्ही सांगाल तसं करीन. सही कर म्हणालात तर ३१ तारखेला करीन, आणि जन्मात त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. पण ऋषीची आई म्हणून एकटीने ठरवू नका, त्याला समोर बसवा. ही चौदा नावं आणि कुणाच्या घरी काय, ते सोबतच्या कागदावर लिहिलंय, तो त्याला मोठ्याने वाचायला लावा. त्याला मामाच्या खुर्चीत बसायचं आहे, तर ह्या यादीतला पहिला माणूस तो स्वतः कोणत्या तोंडाने तीनशे मैलांवर पाठवणार, ते तुमच्यादेखत ठरू दे. मग तो जे म्हणेल ते, आणि तुम्ही जे म्हणाल ते, दोन्ही वेगवेगळं लिहा. फोन करू नका. फोनवर तुम्ही रडाल आणि मी लगेच हो म्हणेन.

राधिकेला जपा. भावजींना नमस्कार. लोभ दोन्हीकडून कायम राहावा, उत्तर काहीही आलं तरी.

सही चौदा दिवसांवर आहे. उलट टपाली कळवावे.

तुमची,
लता